चिठ्ठीची दुसरी ओळ

सन २००८. मला सहासष्टावं चालू होतं. सकाळी अंगणात पाण्याची मोटार उघडून बसलो होतो, तेवढ्यात सूनबाई माझ्या डाव्या बाजूला येऊन म्हणाली, विश्रांतवाडीचे गायकवाड साहेब गेले. डाव्या बाजूला, कारण उजव्या कानानं मला ऐकू येत नाही. झोपेतच गेले म्हणे, कुणाला हाक नाही, धावपळ नाही... माणूस होताच तसा नेटका. मी चौथी शिकलोय, पण साहेबांवर कुणी लिहायचं तर मीच, असं मी ठरवलं. अक्षर वाईट आहे, छापणारे बघून घेतील.

आमच्या हिंजवडीच्या शिवारात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा मी एका कंपनीत वायरमन म्हणून लागलो. गायकवाड सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन तिथं स्टोअर सांभाळायला आले. रोज कंपनीच्या बसनं यायचे, शर्टाला कडक इस्त्री. त्या इमारतीत मी पहिला इंग्रजी शब्द शिकलो तो ‘डिफेक्टिव्ह’. खुर्ची हलली, डिफेक्टिव्ह. पंखा कुरकुरला, डिफेक्टिव्ह. पोरं वस्तू स्टोअरच्या खिडकीत आणून आदळायची आणि तेवढा एक शब्द बोलून पळायची. साहेब त्यांना परत बोलवायचे. त्यांची एक पिवळी चिठ्ठी असायची, सुतळीनं वस्तूला बांधायची. तिच्यावर तीन ओळी. पहिलीत काय बिघडलं, दुसरीत काय अजून चालतं, तिसरीत दुरुस्ती कुणाकडे. दुसरी ओळ भरल्याशिवाय वस्तू आत घ्यायचे नाहीत. एकदा एक इंजिनिअर वैतागला. म्हणाला, अहो खुर्ची मोडलीय, त्यात चालतं काय लिहू? साहेब उठले, बाहेर आले, त्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “लिहा, बसता येतं.” मग मला म्हणाले, “नाना, डिफेक्टिव्ह म्हणजे निकामी नव्हे. निकाम्याला चिठ्ठी लागत नाही, भंगारवाला लागतो.”

हे मला तोंडपाठ होतं, तरी घोटाळा मीच केला. २००१ साली कंपनीनं सगळ्यांची तपासणी केली. माझा उजवा कान गेलाय हे मी दोन वर्षं लपवलं होतं, ते डॉक्टरांनी दोन मिनिटांत पकडलं. आमचे कागद इंग्रजीत लिहायचं काम गायकवाडांकडे. त्यांच्या टेबलावर माझ्या नावाच्या कागदाची प्रत दिसली. साहेबांचं अक्षर, आणि पहिल्याच ओळीत तो शब्द. इंग्रजीत तेवढाच एक मला ओळखता यायचा, शेकडो चिठ्ठ्यांवर बघितलेला. खाली अजून चार ओळी होत्या, त्या वाचणार कोण? माझ्या दोस्तानं मलाच चिठ्ठी बांधली... कागद खिशात कोंबला, किल्ल्या टेबलावर टाकल्या आणि चालत घरी आलो.

नऊ दिवस घरी बसलो. साहेबांनी दोनदा निरोप पाठवला, मी घरात नाही म्हणून सांगायला लावलं. दहाव्या दिवशी सूनबाईनं सदरा भिजवायच्या आधी खिसा बघितला. कागद उलगडून वाचला आणि हसायलाच लागली. “मामंजी, हे तुमचं कौतुक आहे,” म्हणाली, आणि मराठीत सांगितलं. उजवा कान डिफेक्टिव्ह. डावा उत्तम. बिघाड हात लावून ओळखतो, असा दुसरा वायरमन मिळणार नाही, कामावर ठेवावा. दुरुस्ती लागत नाही, डाव्या बाजूनं बोलावं.

गेलो कामावर. साहेबांनी किल्ल्या पुढं सरकवल्या. दहा दिवस माझी रजा मांडून ठेवली होती. “आलात? तिसऱ्या मजल्यावरचे दिवे लुकलुकतायत,” एवढंच बोलले, तेही डाव्या बाजूला येऊन. चुकलो म्हणायला माझी जीभ उचलली नाही. आज बोलू, उद्या बोलू... पुढं ते काम सोडून घरी बसले. या एकदा चहाला, म्हणून किती वेळा म्हणाले. मी गेलो नाही. समोरासमोर बसल्यावर ती गोष्ट काढावी लागली असती.

शेवटी त्यांच्या घरी गेलो तो पुण्यानुमोदनाला. बुद्धवंदना झाली, लोक पांगले. मी कोपऱ्यात साहेबांच्या खुर्चीशेजारी बसलो. तिथं टेबलफॅन होता, त्याच्या मानेला पिवळी चिठ्ठी, मला वाचता यावी म्हणून मराठीत. ‘डिफेक्टिव्ह. मान फिरत नाही. वारा देतो. दुरुस्ती : नाना, त्यांना सवड होईल तेव्हा.’ वहिनी म्हणाल्या, “दोन उन्हाळे झाले. मी म्हणायचे, फोन तरी करा नानांना. तर म्हणायचे, हट्टी माणूस आहे, आपण होऊन येईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस धरली, पिशवीत हत्यारं. मानेतलं गिअर झिजलंय हे आदल्या दिवशी हात लावूनच कळलं होतं, घरी जाताना नवं घेतलं होतं, ते बसवलं. पंखा साहेबांच्या खुर्चीकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून खुर्चीकडे वळायला लागला. वहिनींनी चिठ्ठी सोडायला हात पुढं केला. मी म्हटलं, थांबा. पेन मागितलं आणि माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात खाली चौथी ओळ लिहिली : ‘मान फिरली. उशीर झाला, चूक माझीच होती. नाना.’