सरावाची फक्की

"त्या मोजणीवाल्या बाई तुमीच का?"

फोनवरच्या बाईला धाप लागली होती. मी भांडगावला हायवेच्या सर्व्हिस रोडवर होते, एका हातात मोजणीच्या रोव्हर मशीनचा दांडा आणि मागून डंपरचा हॉर्न. म्हटलं, "मी रोडचं काम करते. कोण बोलताय?"

"मांडवगणातनं हिराबाई. तुमी चुना मारून गेलात, आन् दिरानं आमच्या रानात ट्रॅक्टर घातला. माझी शेवंती नांगरली वो बाई. दसऱ्याचा तोडा हुता."

 चुना मी मारला होता, हे खरं होतं.

आधी सांगते मी कोण. मी दौंडची. सिव्हिलचा डिप्लोमा, चौदा वर्षं सर्व्हेअर. रस्ता, पूल, प्लॉटिंग, सगळीकडे मशीन खांद्यावर घेऊन हिंडले. पण शेतकऱ्याच्या जमिनीची हद्द दाखवायचा मला अधिकार नाही. ते काम सरकारी भूकरमापकाचं. आता खासगी माणसालाही परीक्षा देऊन परवाना मिळणार असं झालं आणि माझ्या अंगात आलं. दुसऱ्याच्या साइटवर कॉन्ट्रॅक्टरच्या शिव्या खायच्या, की स्वतःच्या सहीचा नकाशा द्यायचा? मी ठरवलं, काही झालं तरी हा परवाना घ्यायचाच.

लेखी पेपरची मला भीती नव्हती. भीती प्रॅक्टिकलची. मी शिकले ती मशीनवर. बटण दाबलं की सॅटेलाइटवरून पॉइंट मिळतो. पण जमिनीचे जुने कागद साखळीत बोलतात. एक साखळी म्हणजे तेहेतीस फूट. तिचे सोळा भाग, त्याला म्हणायचं आणे. एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. शेताची जुनी मापं ज्या कागदावर असतात ते टिपण. आणि काटकोन काढायचा तो शंकूने, म्हणजे खाचा पाडलेल्या लाकडी ठोकळ्याने. प्रॅक्टिकलला हेच विचारणार असं सगळे सांगत होते. मी शंकू आयुष्यात हातात धरला नव्हता.

म्हणून शिरूरच्या सरांकडे गेले. सर निवृत्त भूकरमापक. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुम्हा मशीनवाल्यांना जमीन कळत नाही, स्क्रीन कळते." मला राग आला, पण म्हातारा खरं बोलत होता. चार रविवार त्यांच्या अंगणात काटकोन काढले. पाचव्या रविवारी म्हणाले, "आता खऱ्या रानात चल. माझ्या ओळखीचे आप्पा आहेत मांडवगण फराट्याला. त्यांचं रान मोकळं आहे, टिपणाची नक्कलही आहे त्यांच्याकडे."

हे आप्पा म्हणजे गोड माणूस. पासष्टीचे, पांढरीशुभ्र बंडी, बोलणं मधाळ. "मोजा की मॅडम. मोजल्यानं जमीन झिजती व्हय?" कांदा निघाल्यामुळे रान मोकळंच होतं. त्यांनी स्वतः कोपऱ्यावर नेऊन हद्दीचा दगड दाखवला. "ह्यो बघा, इंग्रजाच्या काळचा."

मी सवयीने दगडाला पाय लावला. दगड हलला. भोवतीची माती भुसभुशीत होती. जुना दगड तीनपैकी दोन हिस्से जमिनीत गाडलेला असतो, तो पायाने हलत नसतो. मी सरांकडे बघितलं.

"पाण्याचं रान आहे, माती मऊच असणार," सर म्हणाले. "धर त्यालाच."

"सर, अजून दोन दगडांवरून पडताळू का?"

"अगं, प्रॅक्टिस आहे. काटकोन काढ, लाइन सोड. पडताळत बसलीस तर संध्याकाळ होईल."

सर लिंबाखाली बाजेवर बसले. मी साखळी ओढली, शंकू लावला, खुंट्या ठोकल्या. लाइन सोडत गेले तर ती बांध ओलांडून पलीकडच्या शेवंतीत शिरली. मी थांबले.

"आप्पा, हे फुलांचं रान कुणाचं?"

"माजंच हाय वो. भावजयीला करायला दिलंय. बिनधास्त जावा."

मग सर लिंबाखालून ओरडले, "फक्की मार गं, मला इथून दिसली पाहिजे लाइन." फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड, ग्राउंडवर कबड्डीला मारतात तीच. मी सरीसरीतून चालत दहा साखळ्या, म्हणजे तीनशे तीस फूट, सरळ रेघ मारली. इतकी सरळ की सर उठून आले. "पास झालीस तू," म्हणाले. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! आप्पांनी बेसन-भाकरी आणि ठेचा वाढला. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि घरी आले. खुंट्या तिथंच आणि रेघही तिथंच.

दुसऱ्या दिवशी साइटवर डब्याच्या सुट्टीत हिशेब मांडला. रस्त्याच्या कडेपासून माझ्या रेघेपर्यंत रुंदी आली होती बारा साखळ्या दहा आणे. टिपणात होती बारा साखळ्या चार आणे. सहा आणे जास्त, म्हणजे जवळजवळ साडेबारा फूट. दहा साखळ्या लांबीला ते झालं पावणेचार गुंठे. आप्पांचं रान कागदापेक्षा पावणेचार गुंठ्यांनी फुगलं होतं. मी वहीचा फोटो काढून सरांना पाठवला. उत्तर आलं, "प्रॅक्टिस आहे. राहू दे."

मी राहू दिलं. इथं माझं चुकलं. त्याच दिवशी गाडी काढून ती फक्की पुसायला हवी होती. नाही गेले. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, फोटो काढायचा होता, अनुभवाचा दाखला आणायचा होता. बुधवारी हिराबाईंचा फोन आला.

साइटवरच्या साहेबांना पोटात दुखतंय सांगून मी नदी ओलांडून मांडवगणला गेले. बांध नव्हताच. नांगराने साफ केलेला. शेवंतीच्या पट्ट्याची जागा काळी, त्यात मुळासकट उलटलेली झाडं, कळ्या अजून हिरव्या. मधे हिराबाई उभ्या. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, हातात खुरपं. नवरा वारलेला, तो आप्पांचा चुलतभाऊ. रान हिराबाईंच्या नावावर. सातबारा त्यांनी पिशवीतून काढून माझ्यापुढे धरला. मोजणीच्या रविवारी त्या लेकीकडे कासुर्डीला गेल्या होत्या. आप्पांनी रविवार उगीच धरला नव्हता.

आप्पा बाजेवर तंबाखू मळत होते. मला बघून उठले नाहीत.

"आप्पा, ही हद्द नाही. ती प्रॅक्टिस होती."

"प्रॅक्टिस म्हंजी मोजणीच की. का खोटं मोजता व्हय तुम्ही?"

"तुमचा दगड खोटा आहे!"

"दगड दगड असतोया, मॅडम. साऱ्या गावानं बघितलं, सर्व्हेअर मॅडम आल्या, चुना पडला. मोजणी झाली."

माझं डोकं फिरलं. डिकीतून साखळी काढली. रस्त्याच्या कडेला दोन जुने दगड होते, खरे, मानेपर्यंत गाडलेले. तिथून हिराबाईंना साखळीचं टोक धरायला लावून मोजलं. बारा साखळ्या चार आण्यांवर खुंटी ठोकली. ती पडली बरोब्बर नांगरलेल्या बांधाच्या जागेवर. कडेला बांधावरचं हरळीचं गवत उलटं पडलेलं होतं. सात-आठ माणसं जमली होती. मी मोठ्याने सांगितलं, "हद्द इथं आहे. माझी रविवारची लाइन चूक होती."

आप्पा आता उठले. हसत हसत विचारलं, "मॅडम, तुमाला परवाना हाय का?"

"नाही."

"मग कशाला मोजता? बेकायदी हाय न्हवं का ते?"

माणसं हसली. रविवारी मी सर्व्हेअर होते. बुधवारी त्याच रानात, त्याच साखळीने मोजून मी कुणीच नव्हते. माझा एवढा अपमान कॉन्ट्रॅक्टरच्या शिव्यांनीही झाला नव्हता. आणि माणूस कायद्याने बरोबर होता.

हिराबाई तक्रार द्यायला निघाल्या. मी त्यांच्याबरोबर पोलिसांत गेले. वाटेत मन दोन्हीकडे ओढत होतं. परवान्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: मोजणीच्या कामाबद्दल तुमच्याविरुद्ध काही तक्रार आहे का. मी गप्प बसले असते तर माझी कुठंच सही नव्हती. रेघ कुणी मारली हे आप्पाही कागदावर सांगणार नव्हते. फॉर्मची शेवटची तारीख पाच दिवसांवर होती.

हवालदारांनी माझं ऐकून घेतलं. भला माणूस. पेन खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, लिहून देऊ नका. परीक्षा देताय ना?"

"देतेय."

"आन् ह्याला किंमत काय राहणार, ते सांगतो. तुम्ही म्हणणार, परवाना नसताना मी मोजलं, ते चूक. आन् परवाना नसतानाच पुन्हा मोजलं, ते बरोबर. ह्यातलं आम्ही कुठलं धरायचं?"

"दुसरं धरा."

"धरता येत न्हाई. बाईंना अर्ज करू द्या, सरकारी मोजणी होऊ द्या, 'क' प्रत आणू द्या." 'क' प्रत म्हणजे मोजणी झाल्यावर ऑफिस सहीशिक्क्याने देतं तो नकाशा. हद्दीचं भांडण त्याच्याशिवाय सुटत नाही.

म्हणजे माझ्या चुकीच्या रेघेने बांध मोडला, आणि माझ्या बरोबरच्या मापाने गवताची काडीही हलणार नव्हती. हिराबाई बाकावर बसून माझ्याकडे बघत होत्या.  मी कागद ओढला आणि दोन पानं जबाब लिहिला. शौर्य वगैरे नव्हतं. स्वतःचीच लाज वाटत होती.

संध्याकाळी सरांचा फोन. "माझं नाव घातलंस का त्यात?"

"घातलं सर. पहिल्याच ओळीत."

"अगं, माझी पेन्शन आहे! मी तिथं नव्हतोच, मी लिंबाखाली होतो."

"तेच लिहिलंय. लिंबाखाली होतात."

सरांनी फोन ठेवला, तो कायमचाच. नंतर गावातून कळलं की आप्पांनी सरांना आधीच विचारून ठेवलं होतं, कुणी शिकाऊ असेल तर आणा म्हणून. दगड हलवलेला सरांना माहीत होता का? मला माहीत नाही. दगड हलतोय हे त्यांनी माझ्यासमोर बघितलं होतं, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन.

फॉर्मच्या त्या रकान्यात मी 'हो' लिहिलं. अर्ज परत आला. तक्रार निकाली निघेपर्यंत बसता येणार नाही. साहेब साइटवर सगळ्यांसमोर म्हणाले, "कुणी सांगितला होता शहाणपणा? आता ओढ माझीच लेव्हलची मशीन अजून वर्षभर." ओढली.

सरकारी मोजणी लागायला महिने गेले. अर्ज, फी, नोटिसा, तारीख. हिराबाईंचा दसरा गेला, दिवाळीही गेली. त्या पट्ट्यात आप्पांनी तोवर मका केला. मोजणीच्या दिवशी मी रस्त्यावरच थांबले, रानात पाय घातला नाही. भूकरमापक तरुण पोरगा होता. त्याने आधी तीन खरे दगड शोधले, मगच काम सुरू केलं. हद्द पडली जुन्या बांधाच्या जागेवर. आप्पांनी त्याच्याही पुढे बेसन-भाकरीचं ताट ठेवलं. त्याने हात लावला नाही. मला त्या पोराचा हेवा वाटला.

काम झाल्यावर हिराबाई रस्त्यावर आल्या. खरं सांगते, मला वाटलं त्या दोन बरे शब्द बोलतील. माझं वर्ष गेलं होतं त्यांच्यासाठी.

"परीक्षा झाली का तुमची?" त्यांनी विचारलं.

"नाही झाली."

"मग शिकायला माजंच रान घावलं व्हय तुमाला?"

एवढं बोलून त्या वळल्या.  वर्ष माझं एकटीचं गेलं नव्हतं, आणि त्यांच्या वर्षाला मीच चुना लावला होता.

पुढच्या वर्षी तक्रार निकाली निघाली. मी परीक्षेला बसले आणि पास झाले. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. आता माझ्या सहीचा नकाशा चालतो, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिला धडा साखळीचा देत नाही, झाडूचा देते. सराव संपला की खुंट्या उपटायच्या, आणि रेघ मातीत मिसळेपर्यंत झाडायची. पोरं हसतात. हसू देत. फक्की मारायला परवाना लागत नाही, ती एकदा कुणी खरी धरली की पुसायला मात्र लागतो.