उरलेल्या टेपवरचं बोलणं

राज्य नवीन झालं त्या काळात मी रायपूरच्या एका विद्यापीठात, समाजसेवा विभागात सहायक होते. रक्तदान शिबिर भरवणं, झाडं लावणं, दत्तक घेतलेल्या गावात मुलांना घेऊन जाणं, अशी आमची कामं. शहरात तेव्हा सगळीकडे सामान हलत होतं. हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय येऊन बसलं होतं. शंकर नगरातले चांगले बंगले साहेबलोकांनी भाड्यानं घेतले होते. रिक्षावाल्याला एखादं ऑफिस सांगितलं की तो आधी विचारायचा, नया वाला कि पुराना वाला? पुष्कळदा मलाही माहीत नसायचं.

त्याच गडबडीत अभ्यासक्रम बदलला. राज्याचा वेगळा भूगोल, वेगळा इतिहास, नवी पुस्तकं. विद्यापीठात काही अंध मुलंमुली शिकत होती. जुनी पुस्तकं त्यांच्यासाठी कोणीकोणी कॅसेटवर वाचून ठेवली होती, पण नव्या पुस्तकांच्या कॅसेट कुठून आणणार? आमच्या विभागानं लायब्ररीमागच्या खोलीत टेपरेकॉर्डर ठेवले, खिडक्यांना जाड पडदे लावले आणि वाचणारी माणसं शोधायला सुरुवात केली.

घरी जेवताना मी हे सहज बोलले. चौबे कॉलनीतल्या घरात तेव्हा आम्ही दोघंच, बाबा आणि मी. बाबा रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाबा आधीपासूनच कमी बोलणारे, पण आई गेल्यावर त्यांच्याकडून 'हव' आणि 'बरं' यांच्या पलीकडे काही येईनासं झालं. 'हव' हा इथला होकार, आम्हा सगळ्यांच्याच तोंडात बसलेला. बाबांच्या तोंडी मात्र तो बोलणं संपवायचा शब्द झाला होता. त्या दिवशी त्यांनी ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "मी वाचू का?"

मी गोंधळले. बाबांचं हिंदी आमच्या सगळ्या गोतावळ्यासारखंच, मधेच नागपूरकडची मराठी डोकावणारं. तुमचं हिंदी चालेल का पण, असं मी विचारलं. ते म्हणाले, "इचारून पाय."

खोली सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं. चाललं.

तेव्हापासून बाबा सकाळी सायकल काढून विद्यापीठात जाऊ लागले. मी त्याच आवारात, दुसऱ्या इमारतीत. त्यांचा वेळ जातो आहे, एवढंच माझ्या मनात होतं. घरी आल्यावर ते पुन्हा तसेच. आज काय वाचलं, विचारलं की "भूगोल" म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

मग एक दिवस कळलं की समाजासाठी केलेल्या कामाबद्दल शासन विद्यापीठांचा गौरव करणार आहे. कुलगुरूंनी मनावर घेतलं. आमच्या विभागाचे प्रमुख, त्यांना आम्ही सर म्हणायचो, त्यांनी अहवालाचं काम माझ्याकडे दिलं. तो लिहिताना मला काही सुधरेना. मुलांनी लावलेली झाडं मोठ्या रस्त्यासाठी तोडली होती. ती धरायची का? सर म्हणाले, लावली तर होती ना. दत्तक गावात आम्ही जातो ते गावाच्या सेवेला, पण तिथे गेल्यावर आमच्या मुलांचं जेवणखाण गावातल्या बायाच बघायच्या. ते कोणाच्या नावावर लिहायचं? सरांना हे विचारायचा धीर झाला नाही. वाचनाच्या खोलीबद्दल मी ओळ-दोन ओळी लिहिल्या आणि पुढे गेले.

तपासणी समिती आली. तिच्या अध्यक्ष पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, पूर्वी शिक्षण खात्यात मोठ्या पदावर असलेल्या. त्यांनी रक्तदानाचे फोटो भराभर पाहिले, दत्तक गावाबद्दल काही विचारलं नाही, आणि वाचनाची खोली कुठे आहे म्हणाल्या.

तिथे सरांनी एका मुलीला बसवून ठेवलं होतं. ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, धमतरीकडच्या एका खेड्यातली, जन्मापासून न दिसणारी, हॉस्टेलवर राहणारी. तिला चांगले मार्क पडायचे म्हणून तिची निवड. कॅसेटमुळे मार्क वाढले, हे सांगायचं तिला आधी शिकवलेलं होतं, आणि तिनं ते नीट सांगितलंही. अध्यक्षबाईंनी विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, "और बाबूजी की बची हुई टेप."

कोणालाच कळलं नाही. मलाही नाही. बाबांना तिथली मुलं बाबूजी म्हणतात, हेसुद्धा मला तेव्हाच समजलं.

मग तिनं समजावलं. नवा धडा नेहमी कॅसेटच्या नव्या बाजूवर सुरू करायचा असतो, म्हणजे शोधत बसावं लागत नाही. धडा लहान असला की बाजूवर टेप उरते. बाकीचे वाचणारे ती कोरी सोडतात. बाबूजींना मात्र टेप वाया घालवणं पटत नाही. म्हणून धडा झाला की उरलेल्या टेपवर ते आपलं बोलत राहतात. हॉस्टेलमधली सगळी मुलंमुली ते ऐकतात. कोणाची कॅसेट कोणाकडे आहे यावरून भांडणंसुद्धा होतात.

बाईंना ऐकायचं होतं. मुलीनं पिशवीत हात घातला, दोरा बांधलेली एक कॅसेट बोटांनी ओळखून काढली आणि लावली. आधी महानदीच्या खोऱ्याबद्दल शेवटची दोन वाक्यं आली. मग थोडी खरखर, आणि मग बाबा.

"चलो, ये पाठ हुआ. टेप बची है अभी. आज घर में खिचड़ी थी. नमक नहीं था. बिटिया ने पूछा, कैसी हुई. मैं बोला, हव. अब क्या बोलता? उसकी माँ का हाथ अलग था. मैं कुछ बोलूँगा तो उसको लगेगा, बाबा तुलना करून राहिले. इसलिए आजकल मैं ज़्यादा बोलताच नहीं. उसकी माँ रोटी बेलते बेलते गाती थी. सुर एकदम बेकार. अब वो बंद है तो घर में पता नहीं चलता कि सुबह हुई."

एवढ्यावर टेप संपून खट् झालं.

मिठाचं ऐकून समितीतले एक गृहस्थ हसले होते. नंतर ते खाली पाहू लागले. मी हातातली फाईल घट्ट धरून उभी होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, पुढच्या खोलीत चहा ठेवला आहे. माझा आवाज आला तशी ती मुलगी माझ्या दिशेला वळली आणि म्हणाली, "दीदी, आप वो नमक वाली दीदी हैं?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सरांना तर हे कोणाचे वडील तेच आत्ता उमगत होतं. मी हो म्हटलं. मुलगी मनापासून खूश झाली. बऱ्याच दिवसांपासून तिला माझी भेट हवी होती. तिला माझ्याबद्दल पुष्कळ माहीत होतं. मी याच विभागात काम करते ते, लहानपणी मी ब्राह्मणपाऱ्यातल्या मावशीकडे जाताना रस्ता चुकले होते ते, मला कढीत गूळ आवडत नाही ते. रागवायचं तर कोणावर? आनंद म्हणावा तर तो तरी कसला? घरात माझ्यासमोर गप्प बसणारा माणूस एका बंद खोलीत माझ्याबद्दल इतकं बोलत होता, आणि ते अख्ख्या हॉस्टेलला पाठ होतं.

जाताना समितीतल्या एकांनी सरांना विचारलं, हे कुठल्या सदरात घ्यायचं? सर म्हणाले, शैक्षणिक. मग म्हणाले, किंवा भावनिक. अध्यक्षबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

विद्यापीठाचा गौरव झाला. मोठ्या हॉलमध्ये समारंभ होता, कुलगुरूंनी मानचिन्ह घेतलं. नंतर बाबांनाही स्टेजवर बोलावलं. सूत्रसंचालक म्हणत होता, अपना दुख भुलाकर दूसरों की सेवा करनेवाले. बाबांनी मागे वळून पाहिलं, तो कोणाबद्दल बोलतो आहे ते. मी हात लावला तेव्हा उठले. शाल आणि नारळ घेऊन खाली आले, आणि नारळ मांडीवर घेऊन कार्यक्रम संपेपर्यंत ताठ बसून राहिले.

समितीसमोर काय घडलं ते मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर सांगितलं. ते शालीची घडी करत होते, करतच राहिले. मी विचारलं, "तिथं एवढं बोलता, बाबा. घरी काहून नाही?"

ते म्हणाले, "तिथं मशीन असते समोर. तोंड नसते. तुझं तोंड पाह्यलं का मले तुझी आई दिसते, मंग नाही बोलता येत."

मी पाणी आणायला आत गेले.

गौरवानंतर वाचनाच्या खोलीचं नशीब पालटलं. नवे टेपरेकॉर्डर आले, दारावर पाटी लागली, दुसऱ्या कॉलेजांना पाठवायला कॅसेटच्या नकला होऊ लागल्या. मग ती मुलगी एक दिवस काठी टेकत माझ्या ऑफिसात आली. म्हणाली, बाबूजींनी बोलणं बंद केलं आहे. धडा संपतो आणि पुढे नुसती खरखर येते. तिला वाटलं होतं, सरांनी मनाई केली असेल. मी सरांना विचारलं. त्यांनी कसलीही मनाई केली नव्हती, उलट त्यांना तो भाग खास वाटत होता. येणाऱ्या पाहुण्यांना ते मुद्दाम सांगायचे त्याबद्दल.

बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आता सगळेच आयकतात."

म्हणजे आम्ही काय केलं होतं? चांगल्या कामाची कदर झाली होती, त्यात कोणी खोटं वागलं नव्हतं. खोलीत पूर्वीपेक्षा जास्त माणसं वाचायला येत होती, मुलांचा फायदाच होता. आणि जे त्या मुलीला आपणहून सांगावंसं वाटलं, तेच थांबलं होतं. मी पुढच्या वर्षीचा अहवाल लिहायला बसले तेव्हा यातलं काय लिहावं ते न कळून उठून गेले. शेवटी सरांनीच तो लिहिला.

मुलगी पास झाली आणि बिलासपूरला बी. एड. करायला गेली. काही महिन्यांनी एका रविवारी घरचा फोन वाजला. मी स्वयंपाकघरात होते, बाबांनी उचलला. हव, हव, असं दोनतीनदा ऐकू आलं. तिला तिथलं जेवण आवडत नसावं, कारण बाबा तिला भातात पाणी किती घालायचं ते सांगायला लागले. तिथून ते आईच्या भातावर गेले, मग रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारणींवर, मग आईनं एकदा अख्खं पातेलं करपवून ते गुपचूप पलंगाखाली कसं लपवलं होतं त्यावर. ही गोष्ट मला कोणी कधी सांगितली नव्हती. बाबा हसत होते.

माझ्याकडे त्यांची पाठ होती. कुकर शिटीवर आला होता. मी हात लांब करून गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले. त्यांना व्यत्यय नको म्हणून केला, की मला पुढचं ऐकायचं होतं म्हणून, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. डाळ त्या दिवशी कच्ची राहिली. बाबा जेवले, काही म्हणाले नाहीत.