अर्धनारीश्वरापुढे

घारापुरीच्या लेण्यात आमच्या गाईडला परतीच्या लाँचची घाई झाली होती. प्रत्येक मूर्तीपुढे तो एकच वाक्य टाकायचा आणि पुढे सरकायचा, "ही खंडित आहे, पूजेला चालत नाही."

खंडित म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. गेल्या वर्षी ऑपरेशन करून माझा उजवा स्तन काढला. त्यानंतर धाकट्या जावेच्या डोहाळजेवणात मोठ्या जाऊबाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. "तू ओटी नको भरूस हं. शुभकार्य आहे, मनाला लावून घेऊ नकोस." मी मनाला लावून घेतलं. स्वयंपाकघरात जाऊन नारळ खवत बसले.

गाईड अर्धनारीश्वरापाशी थांबला. "अर्धा शंकर, अर्धी पार्वती. म्हणून स्तन एकच, डावा." सगळे माना उंच करून बघत होते. कुणीही नजर चोरली नाही.

"म्हणजे हीसुद्धा खंडितच?" मी विचारलं.

"हात तुटलेत ताई, पाय गेलेत. पण छाती मुळात अशीच घडवलीय."

मला कुणी असं घडवलं नव्हतं, मला कापलंय. तरी तिथं उभी असताना पदर सारखा करावासा वाटला नाही.

रविवारी धाकटीच्या बाळाचं बारसं आहे. ओटीचं तबक मीच उचलणार आहे. जाऊबाईंना चालत नसेल, तर त्यांनी खुशाल नारळ खवत बसावं.