थांबाभाऊ मिस्त्री

धाड गावच्या भर बाजारात मी एका सरळ माणसाला चोर म्हटलं. मी शाळेत शिकवतो. त्यामुळे ऐकणाऱ्यांनी शहानिशा केली नाही. सर म्हणतात म्हणजे तसंच असणार, असं धरून ते आपापल्या गावी गेले. तो माणूस कसा होता हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तेव्हा सांगितलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

गाड्यांची वायरिंग आणि बॅटरीची कामं करणारे हे मिस्त्री देऊळघाटचे. धाडच्या बसस्टँडजवळ त्यांची पत्र्याची टपरी होती. गिऱ्हाईक "बॅटरी गेली" म्हणत आलं की त्यांचा पहिला शब्द ठरलेला, "थांबा." म्हणून सगळे त्यांना थांबाभाऊ म्हणत. पाना हातात घेण्याआधी ते वैद्यासारखी चौकशी करत. गाडी रोज चालते की उभी असते? चावी फिरवल्यावर कटकट वाजतं की काहीच वाजत नाही? गाडी चालू झाल्यावर बॅटरीचा लाल दिवा विझतो का? "बॅटरी बिचारी मरते," ते म्हणत, "मारनारा दुसराच राह्यते." हा मारणारा कधी बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा ढिला पट्टा निघे, कधी नुसता मळ.

एकदा एकजण जीप ढकलत आला आणि नवी बॅटरीच टाका म्हणून बसला. थांबाभाऊंनी बॉनेट उघडलं. बॅटरीला वायरी जोडतात त्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर फुलून आला होता.

"काऊन बे, गाडीतल्या देवाले रोज अगरबत्ती लावतं, अन् इथं सालभर हात नाही लावला?"

"देव पावते भाऊ, बॅटरी थोडीच पावते!"

"पावते. आंघोळ घालून पाह्य."

शेजारच्या हॉटेलातून गरम पाणी आलं, टर्मिनल घासून निघाले, वर ग्रीस लागलं आणि जीप पहिल्या चावीला सुरू झाली. बॅटरी विकायची संधी त्यांनी अशी कितीदा घालवली असेल, कोण जाणे.

त्यांची आणखी एक सवय होती. मीटर ते गिऱ्हाइकाच्या हातात देत. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आकडा दाखवायचा, चालू केल्यावर तो चौदाच्या घरात गेला तर चार्जिंग ठीक, हे ते प्रत्येकाला समजावत. "मी म्हनतो म्हनून मानू नका, सर. तुमच्या डोळ्यानं पाहा."

मीही पाहिलं होतं. बुलढाण्याहून आणलेली माझी नवी बॅटरी महिन्याभरात बसू लागली. सकाळी मी ती त्यांच्याकडे चार्जिंगला ठेवली आणि शाळा सुटल्यावर गेलो. त्यांनी ती गाडीत बसवली, चार्जिंग तपासलं, ते नीट होतं. मग गाडी बंद करून बॅटरीची एक वायर सोडली आणि मध्ये टेस्टरचा दिवा जोडला. चावी माझ्या खिशात, दारं बंद, तरी तो दिवा मिणमिणत होता.

"पाहा सर, गाडी झोपलेली हाय, तरी कोनीतरी करंट पेऊन राह्यलं. एकेक फ्यूज काढून शोधा लागंल. आज गाडी ठेवून जा."

मला घाई होती. तिसऱ्या दिवशी नांदुऱ्याला भाच्याचा साखरपुडा होता आणि गाडी दारात हवी होती. मी म्हणालो, नंतर बघू. "दोन दिवस उभी राह्यली तं बसंल," त्यांनी बजावलं. मी हसून चावी फिरवली.

गाडी दोन दिवस उभी राहिली आणि बसली. आम्ही एसटीने नांदुऱ्याला पोहोचलो तेव्हा साखरपुडा उरकून पंगती उठत होत्या. "नवी बॅटरी टाकली अन् मामा आले एसटीनं!" अशी थट्टा झाली. मेहुणा म्हणाला, "दिवसभर त्या मिस्त्र्याकडं ठेवली ना? बदलली असंल भाऊजी. जुनी बसवली असंल." मला हे फार सोयीचं वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी हॉटेलासमोर, चारचौघांत, त्यांना बॅटरीचोर म्हणालो. थांबाभाऊंनी हातातला टेस्टर खाली ठेवला. "सर, तुमच्या शब्दाले वजन हाय," एवढंच ते म्हणाले. "जरा पाहून बोला."

मी दुसरी बॅटरी घेतली. रोज गाडी काढू लागलो, म्हणून ती टिकली, आणि लोकांना वाटलं सरांचंच खरं. मग एका दुपारी बायको डिक्कीतून भाजीची पिशवी काढताना म्हणाली, "अहो, इथला दिवा एवढा तापला कसा?" गाडी सकाळपासून बंद होती. डिक्की लावली की विझायला हवा तो दिवा आत जळतच राहत होता. घर बदलताना मीच तिथं लोखंडी पेटी कोंबली होती. त्यात दिवा विझवणारा खटका वाकला होता. मी बल्ब काढला आणि कोणालाही काही सांगितलं नाही. दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत टपरीवरची गर्दी ओसरली, मग टपरी उठली. येता-जाता ती रिकामी जागा दिसे आणि मी मान वळवून घेई. एका रविवारी ते सहन होईना, म्हणून देऊळघाटला गेलो. थांबाभाऊ अंगणात फवारणी पंपाची बॅटरी उघडून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं ते भलतंच.

"गळती डिक्कीत होती? मले तं गाडीतल्या टेपवर शक होता." मग पंपाची बॅटरी बाजूला सारत म्हणाले, "म्हंजे माहाबी अंदाज चुकलाच."

त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "चोर बाजारात म्हटलं, अन् माफी अंगनात मागून राह्यले, सर?"

"जाऊ दे वं," थांबाभाऊ म्हणाले.

"काऊन जाऊ देऊ? लोकं मले इचारतात, मी काय सांगू?"

पुढच्या बाजाराला दोघांनी धाडला यावं, अशी मी विनंती केली. थांबाभाऊ नको म्हणत होते. बाईंनी त्यांना आणलं. त्याच हॉटेलासमोर मी उभा राहिलो. वर्गात बोलतो तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "या माणसाला मी इथंच चोर म्हटलं होतं. यांनी माझी बॅटरी बदलली नव्हती. दोष माझ्या गाडीत होता, तो माझ्याच हातून झाला होता, आणि दोन वर्षांपासून मला तो माहीत होता. भाऊ, वहिनी, माझं चुकलं. मला माफ करा."