आत कुंकू नव्हतंच

लॅपटॉप कोणता घ्यावा हे विचारायला माझ्याकडे लोक येतात. शेजारी येतात, कॉलेजातली पोरं येतात, पोरांचे बाप येतात. मी यवतमाळला एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणजे हे माझं कामच, असं सगळे धरून चालतात. मीही खुशीनं सांगतो. खालचे स्क्रू साधे आहेत का बघा. बॅटरी बदलता येते का विचारा. सगळं एकाच बोर्डाला चिकटवलेलं असेल तर दुकानदाराला हात जोडा आणि बाहेर पडा. लोक मान हलवतात, चहा पितात, जातात. या सगळ्यातली एक गोष्ट मात्र मी गिळून टाकतो. बायकोला ती माहीत नाही. जिला सांगायला हवी होती तिलाही माहीत नाही.

चूक झाली की माणूस म्हणतो, मला कळत नव्हतं. मला ती सोय नाही. मला तेव्हाही सगळं कळत होतं.

माझी वहिनी महागाव तालुक्यात आमच्या गावी राहते. भाऊ कावीळ होऊन गेला तेव्हा त्यांची मुलगी रेणू अजून शाळेतही जात नव्हती. घरात कापूस, तूर, सोयाबीन होतं, खायची ददात नव्हती—पण वहिनीचं स्वतःचं असं काय होतं? भावाचा एक जाडजूड काळा लॅपटॉप मागे राहिला होता. त्याच्यावर ती बोट-बोट टाकत शिकली आणि लग्नपत्रिका बनवायला लागली. कुणाचं कुलदैवत कोणतं, कोणत्या मामाचं नाव आधी घातलं नाही तर तो रुसून मांडवात येणार नाही, हे तिला पाठ होतं. आजूबाजूच्या गावातली माणसं आमच्या ओसरीवर बसून पत्रिका ठरवायची. छापायच्या पुसदला, पण बनवायच्या वहिनीनंच.

माय—म्हणजे आमची आई—सुरुवातीला धुसफुसायची. जिच्या कपाळी कुंकू नाही तिनं लोकांच्या लग्नाचे गणपती कायले काढावे, असं तिचं म्हणणं. मला तेव्हा मायचा राग यायचा. मी शिकलेला, मी वहिनीच्या बाजूनं बोलायचो. वहिनीही मला मानायची. हे मुद्दाम सांगतो आहे, पुढचं नीट कळावं म्हणून.

तो काळा लॅपटॉप म्हातारा झाला होता. बिजागरी तुटलेली, पडदा मागे उशी लावून उभा करायचा. दसऱ्यानंतर कापूस घरी आला की आमची पुढची खोली आढ्यापर्यंत भरते, आणि रुईचे तंतू घरभर उडत राहतात—भाकरीवर बसतात, नाकात जातात, मग लॅपटॉपच्या पंख्यात का नाही जाणार? वहिनी तो उलटा करायची, स्क्रू काढायची आणि भावाचा दाढीचा ब्रश घेऊन आतली रुई झटकायची. मीच तिला ते शिकवलं होतं. पण पुढं पडदाच काळा पडायला लागला तेव्हा नवा घ्यायचं ठरलं. पैसे तिचे, पत्रिकांचे. निवड माझी. तिनं एकच सांगितलं.

"भाऊजी, मले असा पायजे का घरीच खोलता आला पायजे. कापूस भरला का याच्या पोटात रुई जाते, तुमाले त मालूमच हाय."

मालूम होतं. दुकानात दोन लॅपटॉप माझ्यासमोर ठेवले होते. एक जुना, पण कंपनीतून आलेला, दुरुस्त करून ठेवलेला—जाड, काळा, कोपरे झिजलेले. खाली साधे स्क्रू. बॅटरी निघणारी, रॅम निघणारी, कीबोर्डसुद्धा निघणारा. पडला तरी फरशीच फुटावी असा. दुसरा कोरा करकरीत, चंदेरी, पातळ, खालून गुळगुळीत, आत शिरायला वाटच नाही. वर्गात मी कोणत्या यंत्राचं नाव घेतलं असतं? पोरांना विचारा, झोपेतही सांगतील.

मी चंदेरी घेतला.

का? मला गावाची ओसरी दिसली. यवतमाळहून दीर येतो आहे, कॉम्प्युटरचा मास्तर, आणि पिशवीतून काढतो काय—तर झिजलेल्या कोपऱ्यांचा जुना डबा! लोक म्हणतील, विधवेच्या पैशातून भंगार उचलून आणलं. बस, एवढंच. वहिनीची गरज एका पारड्यात आणि माझी ओसरीवरची शान दुसऱ्यात—आणि मला विचार करायलाही वेळ लागला नाही. वर शहाणपणा असा, की तिचा जुना लॅपटॉप मी दुकानातच देऊन टाकला. तिला न विचारता. कशाला घरात अडगळ?

ओसरीवर जे व्हायचं ते झालं. माय म्हणाली, कसा आरशावानी हाय. शेजाऱ्यांनी हात लावून पाहिलं. मी खुर्चीत रेलून बसलो होतो. वहिनीनं तो हातात घेतला आणि आधी काय केलं असेल तर उलटा केला. तळावरून बोट फिरवलं.

"हा कुठून खोलाचा, भाऊजी?"

मी हसलो. म्हणालो, वहिनी, आता यंत्रं सुधारली, खोलायची गरजच पडत नाही. ती ओशाळली. आपण अडाण्यासारखं विचारलं असं तिला वाटलं. तिला तसं वाटावं म्हणूनच मी तसा हसलो होतो.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आमच्याकडे नेहमीसारखी अवजारं मांडली. विळे, फवारणीचा पंप, वखर, शिलाई मशीन. कुंकू मायच्या हातचं, ती सवाष्ण. वहिनी दरवर्षी झेंडूची फुलं पुढं करून बाजूला उभी राहायची. त्या वर्षी तिनं आपला लॅपटॉप आणून ओळीत ठेवला आणि—मी समोरच होतो—चिमटीत कोरडं कुंकू घेऊन स्वतः झाकणाच्या कोपऱ्यावर लावलं. ज्या यंत्रावर ती जगते त्याला तिनं हात जोडले. पाणी शिंपडलं नाही. झाकण मिटलेलं होतं. पूजा झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसलंही. मायचा चेहरा आंबला, पण मी तिथं होतो म्हणून ती काही बोलली नाही. मला वहिनीचं कौतुक वाटलं, खरंच वाटलं. मग मी ते तोंडानं का नाही बोललो?

कापूस घरी आला. पुढची खोली भरली. तुळशीचं लग्न लागलं, मुहूर्त निघाले, पत्रिकांसाठी ओसरीवर माणसांची रीघ लागली, आणि तो चंदेरी आरसा तापून तापून एके दुपारी जो बंद पडला तो उठला नाही. मी तो यवतमाळला आणला. दुरुस्तीवाल्यानं पत्रे उचकटून कसाबसा उघडला आणि मला बोलावलं. म्हणाला, "सर, गादी भरली होती का आत?" पंख्यात रुईचा दाट थर बसला होता, नमद्यासारखा. पांढराशुभ्र. हवा कोंडली, बोर्ड जळला, आणि सगळं त्या एकाच बोर्डावर असल्यामुळं वहिनीची सगळी चित्रं, सगळ्या पत्रिका, घराघराची नावं—गेली. मी नीट पाहिलं. वाकून पाहिलं. आत रुई होती. कुंकवाचा एक कणही नव्हता.

वर्षानुवर्षं दाढीच्या ब्रशानं जे काम व्हायचं ते करायला मी जागाच ठेवली नव्हती.

मी गावी गेलो. ओसरीवर माय होती, पत्रिकेसाठी आलेली दोनचार माणसं होती, वहिनी दारात उभी होती. तिच्या तोंडाकडं पाहूनच मला कळलं की ती आस लावून बसली आहे. मायनं विचारलं, "काय झालं रे त्याले? तूच त पसंत करून आणला होता नं?"

तूच आणला होता. एवढंच तर विचारलं होतं. त्याचं उत्तर 'हो' होतं. हो, मीच आणला, चुकीचा आणला, दिखाव्यासाठी आणला. किती लहान वाक्य! आणि माझ्या तोंडातून निघालं—"पूजेचं कुंकू गेलं आत."

काय म्हणावं या जिभेला? मी ते ठरवून आलो नव्हतो, पण म्हणून काय? सापानं ठरवून चावलं की न ठरवता, विष तेच. मला पुढचं ठाऊक होतं. आमच्या घरात कुंकू आणि वहिनी हे दोन शब्द शेजारी ठेवले की तिसरा शब्द कुणाला उच्चारावा लागत नाही. मी तो उच्चारलाच नाही. ते काम मायनं केलं.

"मले वाटलंच होतं. कुंकवाले हात लावाले कोनं सांगतलं होतं इले?"

वहिनी म्हणाली, "म्या पाणी नाही शिपडलं. कोरडंच लावलं होतं." एकदाच म्हणाली. माझ्याकडं पाहून म्हणाली, कारण पाहणारा मी होतो. मी चपला काढायला खाली वाकलो. बसलेली माणसं चहा न घेता उठली.

गावात गोष्टीला पाय लागायला किती वेळ लागतो? विधवेनं पूजा केली आणि यंत्र जळलं. मग अशा हातची पत्रिका आपल्या पोरीच्या लग्नाला कशाला? जी माणसं वर्षभर आधी तिच्या गणपतीचं कौतुक करत होती, तीच सरळ पुसदची वाट धरायला लागली. मला त्या सगळ्यांचा संताप येतो. मायचा येतो. न उघडणारी यंत्रं बनवून विकणाऱ्यांचा येतो. पण हे सगळे संताप माझ्या सोयीचे आहेत, हेही मला समजतं. काडी कुणी लावली?

वहिनी आता गावच्या शाळेत खिचडी शिजवते. दसऱ्याला अवजारांच्या जवळ येत नाही. एकदा भाजी निवडता निवडता तिनं मला हळूच विचारलं होतं—"भाऊजी, लय कुंकू गेलं होतं का आत?" म्हणजे तिलाही ते पटलं होतं. आपल्या डोळ्यांपेक्षा, आपल्या हातापेक्षा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, जाऊ द्या वहिनी, झालं ते झालं. मोठ्या मनानं माफ केल्यासारखं!

यंदा रेणू कॉलेजला गेली. तिला लॅपटॉप हवा होता. वहिनीनं तिला सांगितलं, काकाले विचार, त्याईले समजते त्यातलं. मी तिला घेऊन त्याच दुकानात गेलो आणि जाड, काळा, झिजलेल्या कोपऱ्यांचा घेतला. खाली साधे स्क्रू. सगळं निघणारं, सगळं बसणारं. रेणूला तो उघडून दाखवला, पंखा कसा झटकायचा ते शिकवलं. घरातला तो दाढीचा ब्रश तिनं स्वतःहून शोधून काढला.

दसऱ्याला रेणूनं लॅपटॉप ओळीत ठेवला आणि कुंकवाची वाटी आईपुढं धरली. वहिनी मागं सरली. हात पदराखाली घेतले.

"काकाच्या हातानं लाव, बाई. माया हात नोको."

माय समोर बसली होती. रेणू होती. ज्यांनी ऐकायला हवं ते सगळे त्या ओसरीवर होते, आणि मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी वाटी घेतली. बोट बुडवलं. झाकणाच्या कोपऱ्यावर, वहिनीनं लावलं होतं तिथंच, कुंकू लावलं.

कापूस घरी आला. रेणू सुट्टीत त्याच खोलीत बसून काम करत होती. मधेच तिनं मागचा पत्रा काढला, रुई झटकली, पुन्हा लावला. यंत्र उत्तम चालतं आहे. चालणारच, मी निवडलं आहे. वर्षानुवर्षं चालेल, आणि जेवढी वर्षं चालेल तेवढी वर्षं त्या घरात माझं खोटं खरं ठरत राहील.

माय परवा माझ्यासमोरच म्हणाली, "पाय बरं, चांगल्या हातानं पूजा झाली का वस्तू कशी टिकते."

वहिनी तूर निवडत बसली होती. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हो माय, खरं हाय."