पार्बताबाईची गिळूमावशी

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला लागून पार्बताबाईचा दहा-बारा वाफ्यांचा फुलमळा होता. शेवंती, झेंडू, थोडा मोगरा आणि कोपऱ्यात एक बोराचं झाड. मानमोडीच्या तापाच्या साथीत आठवड्याभरात नवरा गेला, पाठोपाठ दोन्ही लेकरं गेली. तेव्हा ती ऐन पंचविशीत होती. दिराने पाट लावायची गोष्ट काढली, तर तिने त्याला असं काही फैलावर घेतलं की तो परत उंबऱ्याला आला नाही. दुसरं कोणी यायला उरलंच नव्हतं.

सकाळी ती वकिलांच्या, भटजींच्या घरी पूजेच्या फुलांच्या पुड्या पोचवी. आतून आवाज येई, "ठेव तिथं." दिवसभरात माणसाचा शब्द कानावर पडायचा तो एवढाच. पण चार वाजता शाळा सुटली की कुंपणाच्या फटीतून पोरं आत शिरत आणि बोरीखाली नुसता धुडगूस घालत. पार्बताबाई खुरपं उगारून धावे, एकेकाला पकडे आणि त्याच्या ओंजळीत बोरं कोंबून डोळे वटारी. "खाय भरभर! नाही तं मी तुलेच गिळीन!" पोरं खिदळत, खात, खिसे भरून नेत. आमच्या वऱ्हाडात माया अशीच करतात, दमदाटी करून. बाहेरच्या माणसाला ते कळत नाही, आणि समजावत बसायला आम्हाला वेळ नाही. त्या तासाभरावर पार्बताबाईचा उरलेला सगळा दिवस उभा होता, हे मात्र खरं.

ती फुलं पोचवी त्या घरांतलं एक घर हरिहर मास्तरांचं. मास्तर शाळेत मराठी शिकवत आणि मुलांसाठी गोष्टी लिहीत. त्यांची तीन छोटी पुस्तकं पुण्याला छापून निघाली. त्यांत तीन पोरकी भावंडं एका मावशीच्या घरी येतात आणि ती मावशी त्यांचा काटा काढायला नाना उचापती करते. कधी त्यांना लोणच्याच्या बरणीत घालते, कधी पतंगाला बांधून उडवते, आणि दर वेळी स्वतःच तोंडघशी पडते. मावशीचं नाव गिळूमावशी; बोरीखालची दमदाटी शाळेतली पोरं मास्तरांना रोज ऐकवत. पुस्तकं पुण्याच्या पोरांनी वाचली. अकोल्याच्या शाळेतल्या प्रती कपाटात कुलूपबंद होत्या, पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून.

एकदा पुडी देताना पार्बताबाईने विचारलं, "मास्तर, काय लिहून राहिले एवढं?"

मास्तर गडबडले. "तुमच्यासारखी एक मावशी आहे गोष्टीत, पार्बताबाई. पोरांवर फार जीव आहे तिचा."

मास्तर मनाने वाईट नव्हते. खरं सांगायला जीभ रेटली नाही, एवढंच. पण पार्बताबाईला आभाळ ठेंगणं झालं. फुलबाजारात ज्याला त्याला तिने ऐकवलं, "आमच्या मास्तरानं मले बुकात घातलं."

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षी या पुस्तकांवरून बोलपट निघाला आणि हिवाळ्यात तो आधी अमरावतीला लागला. बाजारात ही बातमी कळताच पार्बताबाईने ठेवणीतलं लुगडं काढलं, बोरं फडक्यात बांधली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीच गाडीत बसून बडनेऱ्याला उतरली. तिथून टांग्याने अमरावती. थेटरात बायकांच्या बाजूला एका लेकुरवाळीशेजारी ती बसली आणि तिला म्हणाली, "यात मी आहे." बाईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पोराला जरा आवळून धरलं.

सिनेमा मजेदार होता. बरणीतून तीन डोकी बाहेर आली तेव्हा पार्बताबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ही लांब नाकाची, केस पिंजारलेली सटवी कोण, आणि आपली मायाळू मावशी केव्हा येणार, याची ती वाट पाहत राहिली. मग त्या सटवीने पोरांपुढे विष लावलेली बोरं धरली आणि डोळे वटारून म्हणाली, "खाय भरभर! नाही तं मी तुलेच गिळीन!"

थेटर कोसळलं हसून.

पार्बताबाईचं हसू तोंडातच राहिलं. आता तिला सगळं ऐकू यायला लागलं. सिनेमातली पोरं, शेजारीपाजारी, पोलीस, सगळे छापील पुस्तकासारखं गोड बोलत होते. 'मले' आणि 'तुले' तेवढं त्या सटवीच्या तोंडी होतं. आणि तिच्या प्रत्येक 'मले'वर अमरावतीची माणसं पोट धरून हसत होती, जी थेटराबाहेर पडल्यावर टांगेवाल्याशी 'मले राजापेठेत जाचं हाय' असंच बोलणार होती. शेवटी गिळूमावशी पोरांसाठी उघड्या ठेवलेल्या विहिरीत स्वतःच पडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची बाई लेकराला म्हणाली, "मेली वं माय एकदाची."

परतीच्या गाडीत पार्बताबाईला राग आला नाही. तिला फार एकटं वाटलं, लेकरं गेली त्या आठवड्यात वाटलं होतं तसं. त्या गिळूमावशीच्या घरी दुसरं कोणी कसं नव्हतं, तिची माणसं कुठे गेली, हे सिनेमात कोणी विचारलंच नव्हतं. मास्तरांना तर ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी बोलपट अकोल्यात येणार होता. त्या पंधरा दिवसांत तिने मास्तरांपुढे चकार शब्द काढला नाही. पुडी ठेवायची आणि निघायचं. चार वाजता मात्र ती पोरांना हाताला धरून जास्तीची बोरं देई, आणि "गिळीन" म्हणायचं टाळी. पोरांना ते बेचव वाटलं असावं. "बिमार हाय काय वं माय?" त्या पोरांतली खुशालरावांची शकुन एकदा विचारून गेली.

मग सिनेमा आला. अख्खी शाळा रांगेने गेली, पुढे हरिहर मास्तर.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, पाच वाजले. फटीतून कोणी आलं नाही. चार दिवस बोरं झाडाखाली पडून सडली आणि पार्बताबाई खुरपं घेऊन उगाच एकच वाफा उकरत बसली. पाचव्या दिवशी कुंपणाबाहेर कुजबुज झाली. ती ओंजळ भरून धावत गेली, तर "आली रे आली, इखाची बोरं!" असं ओरडत पोट्टे गल्लीच्या टोकापर्यंत पळाले. सगळ्यांत पुढे शकुन. पण टोकाला जाऊन थांबले, आणि हळूहळू परत आले. त्यांना अजून घाबरायचं होतं.

सहाव्या दिवशी पोरं दुपटीने आली. पार्बताबाईने ओंजळीतली बोरं उंबऱ्यावर ठेवली. मग तिने अंबाडा सोडला, केस तोंडावर घेतले आणि घसा खरवडून ओरडली, "गिळीन!" काय किंकाळ्या उठल्या! इतकी पोरं तिच्या दारी कधी आली नव्हती. दिवेलागणीला ती घरात गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

महिन्याभराने गोष्ट मास्तरांच्या कानावर गेली. एका दुपारी शाळेचा शेवटचा तास सोडून ते पहिल्यांदाच मळ्यात आले आणि पार्बताबाई खुरपत बसली होती तिथे, बोरीखाली, मान खाली घालून उभे राहिले.

"पार्बताबाई, माझं चुकलं. मी उद्याच वर्गात सांगतो सगळ्यांना. ती बाई तुम्ही नाही म्हणून. मी रचलेली आहे ती. तुमच्या हातचं खायला काही भ्यायचं कारण नाही."

"मंग खातीन थे?"

मास्तर खोटं बोलू शकले असते. या वेळी बोलले नाहीत. "भीती मोडेल. पण खातील की नाही, कसं सांगू? पुस्तकापेक्षा सिनेमा मनात जास्त बसतो."

"आन् भेव मोडलं, तं येतीन कशाले?"

मास्तर पायाशी पडलेलं एक बोर चपलेने बाजूला सारू लागले.

"नका सांगू, मास्तर," पार्बताबाई म्हणाली. "माह्या हातचं नाही खात, तं नाही. पन येते तं खरं. तुमी सांगसान, ही साधीच बाई हाय, तं फुलवाल्या म्हातारीकडे कोन ढुंकून पाहाते?"

ते काही बोलणार तोच तिने उन्हाकडे पाहिलं आणि घाईने उठली.

"जा आता, मास्तर. शाळा सुटाची येळ झाली. मले केस सोडाचे हायेत."