भरल्या ताटावरून

टीव्हीच्या छत्र्या दुरुस्त करत मी बाईकवरून शहापूर-मुरबाड पालथं घातलं. धसईच्या बाजूला काम निघालं की दुपारी गावी आईकडे जेवायचो. मग कंपनीने आमच्या मोबाइलमध्ये जीपीएसचं ॲप घातलं. नकाशावर प्रत्येकाचा एक ठिपका. तक्रार नसलेल्या घरी ठिपका रेंगाळला, किंवा तक्रारीच्या घरी अर्ध्या तासावर गेला, की तो लाल व्हायचा आणि शहापूरच्या ऑफिसातून फोन यायचा. आईकडचं जेवण बंद झालं.

आई शाळेची पायरी चढलेली नाही, पण तोड तिनेच काढली. वालाच्या वेलाला लावायच्या काठीने ती छत्री जरा ढकलायची आणि शेजारणीकडून तक्रार नोंदवायची, टीवी लागत नाय. त्या भागात मीच, म्हणून तक्रार माझ्याकडे. छत्री दोन मिनिटांत जागेवर, बाकीचा वेळ नाचणीची भाकरी आणि सुकट. ठिपका हिरवागार.

पुढे मला बढती मिळाली. आता ऑफिसात त्या नकाशाच्या पडद्यासमोर मी बसतो, लाल ठिपक्यांना फोन मी करतो. आईला बढतीचे पेढे कळले, काम कळलं नाही. मीही समजावत बसलो नाही. रविवारी येतो म्हणतो आणि रविवार झोपून काढतो. वाईट वाटायला हवं, एवढं कळतं. वाटत मात्र काहीच नाही.

परवा तक्रार आली, आमच्याच घरची. जवळ जो माणूस होता त्याला पाठवला. तो नवीन, घर कुणाचं ते त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. त्याचा ठिपका आमच्या घरावर जाऊन थांबला. मी चहा पीत बघत राहिलो. अर्ध्या तासाने तो लाल झाला, तसा फोन लावला.

"सायेब, हात खरकटा हाय, स्पीकरवर टाकलाय. काम झालाय, पन आजी उठू देत नाय."

"पुढची तक्रार खोळंबली आहे. लगेच निघा." हे मी सगळ्यांना म्हणतो, याच ऑफिसच्या आवाजात.

मागून आई कडाडली, "कोन रे तो? भरल्या ताटावरनं उठवतो! त्याला आय नाय काय?"

मी फोन ठेवला. ठिपका हलला, हिरवा झाला. उशिराचं कारण पडद्यावर भरावं लागतं. 'ग्राहकामुळे' असं निवडलं आणि पुढचा ठिपका बघायला घेतला.

संध्याकाळी आईने फोन केला. "मला वाटला तू येशील, तर दुसराच आला. दोन घास खाऊन उठला बिचारा. त्याचा सायेब लय वाईट मानूस, मी ऐकला ना फोनवर. तुजा पन तोच काय रे?"

"तोच."

"तरीच तू येत नायस. सोडत नसेल तुला."

"नाय सोडत गो," मी म्हटलं.